स्पीडोमीटर आणि स्पीड सेन्सरचा बिघाड (जुने ट्रक)

ट्रकचा वेग दाखवणारा काटा मेला, नाचायला लागला किंवा खोटं दाखवायला लागला की दोष नक्की कुठे आहे, मीटरमध्ये, केबलमध्ये, गिअरबॉक्सवरच्या पिनियनमध्ये (छोट्या दातेरी चाकात), सेन्सरमध्ये की वायरिंगमध्ये, हे एकेक टप्पा तपासून शोधायचं काम. बोलताना सगळे नुसतं "मीटर बंद आहे" म्हणतात आणि पहिली चूक तिथेच होते, कारण मीटर म्हटलं की माणूस आधी डॅशबोर्ड उघडतो, आणि कोकणपट्टीत तरी दोष बहुतेक वेळा खाली गिअरबॉक्सपाशी नाहीतर मधल्या वायरीत निघतो. म्हणून सुरुवात खालून करायची, नवा मीटर सगळ्यात शेवटी.

जुन्या केबलवाल्या ट्रकची रचना साधी आहे. गिअरबॉक्सच्या आऊटपुट शाफ्टवर एक वर्म, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर असतो, त्याला लागून छोटं पिनियन, पिनियनमध्ये मीटर केबलच्या आतल्या तारेचं चौकोनी टोक बसतं, आणि गाडी चालली की ती तार बाहेरच्या नळीत फिरत वर डॅशबोर्डपर्यंत जाते. वर मीटरमध्ये तिच्याबरोबर लोहचुंबक फिरतं. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते, दोघं एकमेकांना टेकत नाहीत, पण फिरत्या चुंबकामुळे वाटीत भोवरा प्रवाह तयार होतात आणि वाटी त्याच दिशेला ओढली जाते, केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे धरते, आणि या ओढाताणीत वाटी जिथे ठरते तिथे काटा थांबतो. जर्मनीत ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये या तत्त्वाचं पेटंट घेतलं आणि पुढे बरीच दशकं जगभरातल्या गाड्या त्यावरच चालल्या.

यातली कामाची गोष्ट अशी की किलोमीटरचे आकडे चुंबकावर नाही तर त्याच दांड्याच्या दातेरी चाकांवर फिरतात. त्यामुळे आकडे पडतायत पण काटा मेलाय, तर केबल आणि पिनियन चांगलं आहे, दोष मीटरच्या आत, वाटीत नाहीतर स्प्रिंगमध्ये. काटा चालतोय पण आकडे थांबलेत तरी दोष वरच, दातेरी चाक झिजलंय. दोन्ही एकदम गेले तर मीटरला हात लावायचा नाही, खाली जायचं. एवढं बघायला पाना लागत नाही, दोन किलोमीटर गाडी चालवली की पुरे.

दोन्ही गेले असतील तर केबल मीटरच्या मागून सोडवायची, टोक मोकळं ठेवायचं आणि सपाट रस्त्यावर कोणीतरी हळू गाडी पुढे न्यायची, दुसऱ्याने टोकाकडे बघायचं. तार फिरत असेल तर मीटर गेलाय. फिरत नसेल तर खालचं टोक सोडवून आतली तार ओढून बघायची, तुटली असेल तर अर्धीच हातात येते. तार अख्खी आली तर पिनियन काढायचं, बऱ्याच ट्रकांत ते नायलॉनचं असतं आणि दात उडालेले डोळ्यांनीच दिसतात. पण दात उडाले म्हणून नुसतं पिनियन बदलून गाडी सोडली तर नवंही जातं, कारण सुकलेल्या, जाम झालेल्या केबलने ते उडवलेलं असतं. तेव्हा केबल हाताने फिरवून ती मोकळी आहे का हे बघितल्याशिवाय पिनियन बसवू नये.

काटा थरथरतो, चाळीस-साठमध्ये नाचतो, हे केबल सुकल्याचं किंवा कुठेतरी तीव्र बाक आल्याचं लक्षण. केबलला वळण मोठं आणि गोल हवं. ग्रीस हलक्या हाताने आणि खालच्या दोन तृतीयांश भागालाच लावायचं, वरपर्यंत थापलं तर ते फिरता फिरता मीटरमध्ये चढतं आणि काटा चिकटतो. पिनियनचं ऑइल सील गेलं तरी हेच होतं, गिअरबॉक्सचं तेल केबलवाटे वर येतं, काचेच्या आत तेलकट डाग दिसला की सील बघायचं.

नंतरच्या ट्रकांत केबल गेली आणि गिअरबॉक्सवर सेन्सर आला. दोन वायरींचा सेन्सर म्हणजे चुंबक आणि कॉइल, समोरून दात गेले की तो स्वतःच एसी व्होल्टेज तयार करतो, वेग वाढेल तसं ते वाढतं. तीन वायरींचा म्हणजे हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्रातला बदल ओळखणारा), त्याला सप्लाय आणि अर्थ (चासीला जाणारी जोडणी) द्यावी लागते आणि तिसऱ्या वायरीवर चढ-उताराचा सिग्नल येतो. इथे काटा आणि आकडे दोन्ही एकाच सिग्नलवर चालतात, दोघांपैकी एक जरी चालू असेल तर सेन्सरला दोष देण्यात अर्थ नाही.

दोन वायरींचा असेल तर कपलर (वायरींचा प्लगसारखा जोड) काढून मल्टीमीटरने ओहम बघायचे, मॉडेलप्रमाणे काही शे ते दोन-अडीच हजारांपर्यंत येतात, काहीच आलं नाही तर कॉइल तुटली, शून्य आलं तर शॉर्ट. सेन्सर बाहेर काढून टोक पुसायचंच, चुंबकाला गिअरबॉक्सचा लोखंडी चुरा चिकटून दाढी आलेली असते आणि त्यानेच सिग्नल मरतो. तीन वायरींचा असेल तर किल्ली चालू करून आधी सप्लाय आणि अर्थ, मग सिग्नल: एक मागचं चाक जॅकवर, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड, गाडी न्यूट्रलला, इंजिन बंद, आणि उचललेलं चाक हाताने फिरवताना व्होल्टेज वर-खाली उडायला हवं. इंजिन चालू करून गिअर टाकून ही तपासणी कधीही करू नये, गाडी जॅकवरून उतरली तर खालचा माणूस वाचत नाही. सिग्नलच्या वायरीला टेस्ट लॅम्प लावायचा नाही, दिवा जास्त करंट ओढतो आणि सेन्सर नाहीतर मीटर जळतो. मोठ्या ट्रकला २४ व्होल्ट, छोट्याला १२, पण सेन्सरचा सप्लाय दोन्हींपेक्षा कमी असू शकतो, तेव्हा त्या मॉडेलचा वायरिंगचा नकाशा बघूनच ठरवावं. गाडी उभी असताना इंजिनच्या रेसवर काटा हलत असेल तर सेन्सरच्या वायरीचं शिल्ड (वायरीभोवतीचं धातूचं आवरण) किंवा अर्थ गेलेली असते.

कोकणात या कामाला एक वेगळी बाजू आहे आणि ती म्हणजे खारी हवा. मिरकरवाडा, हर्णै, मालवण या बंदरांतून बर्फातली मासळी भरून निघणाऱ्या गाड्यांच्या चासीवर मिठाचं पाणी रात्रभर गळतं, बाकीच्या गाड्यांना खारा वारा पुरतो, आणि वर जून ते सप्टेंबरचा पाऊस. कपलरच्या पिनांवर हिरवा चढ येतो, बाहेरून कपलर नवा दिसतो आणि आत सिग्नल पोचत नाही. इथे वायरमन लोकांची एक सवय फार नडते, वायरीला पिन टोचून व्होल्टेज बघायची. घाटावर कोरड्या हवेत ती एकवेळ खपून जाईल, इथे त्या टाचणीएवढ्या भोकातून ओल शिरते आणि काही महिन्यांत आतलं तांबं काळं होऊन भुगा होतं, वरचं कव्हर मात्र शाबूत. म्हणून प्रोब कपलरच्या मागून, सीलच्या कडेनेच घालावा. स्पीड गव्हर्नर (वेगनियंत्रक) बसवताना सेन्सरच्या वायरीला मारलेला टेपचा जोड असेल तर सगळ्यात आधी तोच उघडायचा. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरासारख्या पाण्यात बुडालेल्या गाडीचा मीटर सुकून चालू झाला तरी गाळ कपलरमध्ये राहतो, ते सगळे उघडून धुवून सुकवल्याशिवाय गाडी धड होत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये नियम ११७ स्पीडोमीटरचा आणि ११८ वेगनियंत्रकाचा आहे, आणि आठ वर्षांवरच्या मालगाडीला दरवर्षी पासिंगला जावं लागतं, तेव्हा मीटर दुरुस्तीला येतो तो बहुतेक पासिंगच्या आदल्या आठवड्यात. पण खरी गरज घाटात असते. जांभ्याचे चिरे भरलेला ट्रक कशेडी किंवा परशुराम घाट उतरताना ड्रायव्हर इंजिनच्या आवाजावर वेग ओळखतो हे खरं आहे, जुन्या ड्रायव्हरला ते जमतंही, पण रात्री, पावसात, गाडी नवीन हाताखाली असेल तर वेग दहाने जास्त झालाय हे कळेपर्यंत ब्रेक तापलेले असतात.

दुरुस्तीनंतर मीटर खरं बोलतोय का हे रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवर तपासता येतं. मुंबई-गोवा महामार्गाच्या सरळ, सपाट तुकड्यावर, राजापूरच्या खाली कणकवली-कुडाळकडे असे तुकडे बरेच आहेत, काटा ४० वर धरून दोन दगडांमधला वेळ शेजारच्याने मोजायचा: ९० सेकंद हवेत. ५० ला ७२, ६० ला ६०. मोबाईलचं जीपीएसही चालतं, फक्त घाटात आणि दाट झाडीत ते मागे-पुढे होतं. कमी सेकंद लागले तर गाडी काट्यापेक्षा जोरात पळतेय, आणि हीच चूक धोक्याची. याचं कारण पुष्कळदा मीटर नसून टायर असतं, ९.००-२० मापाच्या टायरच्या जागी १०.००-२० चढवले तर चाकाचा घेर तीन-साडेतीन टक्क्यांनी वाढतो आणि काटा ६० दाखवत असताना गाडी ६२ ने जाते. झिजलेल्या टायरवर उलटं, काटा थोडा जास्त दाखवतो. मागच्या ॲक्सलमधले गिअर (क्राऊन-पिनियन) बदलून रेशो बदलला असेल तर फरक याहून खूप मोठा येतो आणि तेव्हा केबलवाल्या गाडीत दुसऱ्या दातांचं पिनियन शोधावं लागतं, सेन्सरवाल्या गाडीत क्लस्टरमध्ये (डॅशबोर्डवरच्या मीटरच्या संचात) आकडा बदलावा लागतो.

किलोमीटरच्या आकड्यांवरून डिझेलचा हिशोब काढणाऱ्या मालकांनी एक लक्षात ठेवावं, १९९९ पासून कोकण रेल्वेची रोरो सेवा आहे, कोलाडला ट्रक वाघिणीवर चढवून वेर्ण्याला उतरवला तर चाकं फिरलेली नसतात आणि तेवढे किलोमीटर मीटरमध्ये पडत नाहीत, तो बिघाड नाही.