साठ हजारांची पुडी आणि मोडलेली झोप

नौपाड्यातल्या माझ्या मामांची गेल्या पावसाळ्यात झोपच गेली. रात्री चार-पाच वेळा उठायचं, लघवीला जायचं, येताना स्वयंपाकघरात थांबून तांब्याभर पाणी प्यायचं, जरा डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा उठायचं. "अहो, परत उठलात?" म्हणत मामीही जाग्या व्हायच्या. दिवसा मामा पेपर हातात घेऊन खुर्चीत पेंगायचे. तोंडाला कोरड, जेवणावर वासना नाही, पोट साफ नाही. घरात सगळ्यांनी साखरेवर संशय घेतला, पण साखर ठीक निघाली. मग प्रोस्टेट तपासलं, तेही वयाच्या मानाने बरं होतं.

शेवटी एका डॉक्टरांनी सांगितलं, "घरात असतील नसतील तेवढी औषधं पिशवीत घालून घेऊन या." पिशवीतून रक्तदाबाची गोळी निघाली, कॅल्शियमची गोळी निघाली, आणि रबरबँड लावून नीट ठेवलेली रिकाम्या पुड्यांची चळत निघाली. मामा काहीही टाकून देत नाहीत, ती सवय इथे कामाला आली. प्रत्येक पुडी ड जीवनसत्त्वाची, साठ हजार युनिटांची. ती आठवड्यातून एक घ्यायची होती. चिठ्ठीवर इंग्रजी ‘ओ’च्या पुढे ‘डब्ल्यू’ (आठवड्यातून एकदा) की ‘डी’ (रोज एकदा) हे न कळणारं जे गिचमिड अक्षर होतं ते घरीही आणि औषधाच्या दुकानातही ‘रोज’ असं वाचलं गेलं. तीन महिने रोज एक, दुधातून. रक्तातलं कॅल्शियम तेराला टेकलं होतं. ते साधारण साडेदहाच्या पुढे जाऊ नये. ड जीवनसत्त्वाच्या रिपोर्टवर तर आकडाच नव्हता, नुसतं ‘१५० पेक्षा जास्त’.

त्या दिवसापासून मी या पुडीचा माग काढत गेले. आधी साधं गणित मांडते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली ठरवलेली प्रौढ माणसाची रोजची गरज ६०० युनिट, आणि रोजची वरची मर्यादा ४,००० युनिट. म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांची बेगमी असते. नव्वद पुड्या म्हणजे ५४ लाख युनिट.

या जीवनसत्त्वाची गोष्ट सुरू होते ती मुडदुसापासून. पाय धनुष्यासारखे वाकलेले, मनगटं जाड, टाळू उशिरा भरणारी, अशी मुलं युरोपातल्या शहरांत इतकी होती की इंग्रज वैद्य फ्रान्सिस ग्लिसन यांनी १६५० मध्ये या आजारावर ग्रंथच लिहिला. कारण मात्र पुढची दोन-अडीचशे वर्षं सापडत नव्हतं. १८२२ मध्ये पोलंडच्या श्नियाडेत्स्की यांनी लिहून ठेवलं की वॉर्सा शहरातली मुलं मुडदुसाने वाकतात, आसपासच्या खेड्यांतली नाही. जपानमध्ये काम केलेले मिशनरी डॉक्टर थिओबाल्ड पाम यांनी १८९० मध्ये ठिकठिकाणच्या नोंदी जमवून थेट म्हटलं की ऊन कमी तिथे मुडदूस जास्त. १९१९ मध्ये बर्लिनचे कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदुसाच्या मुलांना अतिनील दिव्याखाली बसवून बरं केलं. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखवत होते की कॉड माशाच्या यकृताचं तेल हाच आजार थांबवतं. १९२२ मध्ये अमेरिकेत एल्मर मॅककॉलम यांनी ते तेल तापवून, त्यातून हवा सोडून त्यातलं अ जीवनसत्त्व नष्ट केलं, तरी मुडदूस बरा झालाच. हा दुसराच घटक होता. अ, ब, क ही अक्षरं संपली होती, म्हणून त्याला ड मिळालं.

त्याच १९२२ सालची एक नोंद मराठी वाचकाने जवळची मानावी अशी आहे, कारण ती नाशिकची आहे. हचिसन आणि शाह या दोघांनी तिथल्या मुलांची पाहणी केली. खायला यथातथाच असलेल्या गरिबांच्या, दिवसभर बाहेर हुंदडणाऱ्या मुलांत मुडदूस दिसत नव्हता. पडद्यात, घराच्या आत राहणाऱ्या खात्यापित्या घरांतल्या बायका-मुलांत तो होता. ताटातल्या अन्नापेक्षा अंगणातल्या उन्हाने फरक पडत होता. आज घोडबंदर रोडवरच्या टॉवरमधल्या मुलांकडे बघताना मला ही शंभर वर्षांपूर्वीची पाहणी आठवते.

कारण सापडलं, आणि मग उत्साहाला धरबंध राहिला नाही. विस्कॉन्सिनचे हॅरी स्टीनबॉक यांनी अन्नावर अतिनील किरण सोडून त्यात ड जीवनसत्त्व तयार करण्याची रीत काढली. आडोल्फ विंडाउस यांना ड जीवनसत्त्वाशी निगडित संशोधनासाठी १९२८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. औषध बाटलीत आलं, दुधात आलं, १९३६ मध्ये अमेरिकेत एका बिअरमध्येही आलं. पाठोपाठ डॉक्टरांनी ते सांधेदुखीला आणि त्वचेच्या क्षयाला द्यायला सुरुवात केली. सांधेदुखीच्या रोग्यांना दिवसाला दोन-दोन लाख युनिट दिली गेली. त्या रोग्यांच्या नोंदींतून अतिसेवनाचं चित्र पहिल्यांदा स्पष्ट झालं: मळमळ, तहान, सारखी लघवी, ग्लानी, आणि शेवटी मूत्रपिंडं निकामी. मामांची लक्षणं त्या काळच्या वैद्यकीय लेखांत जशीच्या तशी सापडतात.

मला सगळ्यात जास्त चटका लावून जातो तो ब्रिटनमधला प्रसंग. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर मुलांच्या भल्यासाठी दुधाच्या पावडरीत ड घातलं, तृणधान्यांच्या डब्यांत घातलं, वर माशाचं तेल फुकट वाटलं. तिन्ही गोष्टी सुज्ञपणाच्याच होत्या, पण बेरीज कोणी केली नाही. काही बाळांच्या पोटात दिवसाला ४,००० युनिटांपर्यंत जाऊ लागली. १९५०च्या दशकात तिथे न खाणारी, ओकणारी, वजन न वाढणारी बाळं दिसू लागली, त्यांच्या रक्तात कॅल्शियम चढलेलं होतं. १९५७ मध्ये प्रमाण कमी केलं गेलं. सगळीच बाळं आजारी का पडली नाहीत, याचं एक कारण २०११ मध्ये कळलं. ड जीवनसत्त्व मोडून टाकणाऱ्या जनुकात काहींच्या जन्मतःच दोष असतो, त्यांना इतरांना पचणारा डोसही भोवतो.

उन्हाने मात्र असं कधीच होत नाही. त्वचेत ड तयार होताना गरजेपेक्षा जास्त झालं की तेच ऊन त्याचं रूपांतर निरुपयोगी पदार्थांत करून टाकतं. दिवसभर शेतात राबणाऱ्याला म्हणून विषबाधा होत नाही. त्वचेला लगाम आहे, तोंडावाटे घेतलेल्याला नाही. ते चरबीत विरघळतं, चरबीत साठतं, ब किंवा क सारखं लघवीवाटे निघून जात नाही. यकृत आणि मूत्रपिंड त्याला ज्या रूपात आणतात ते खरं तर संप्रेरकच आहे. ते आतड्याला कॅल्शियम शोषायला लावतं, आणि अती झालं तर हाडांतूनही काढायला लावतं. १९८०च्या दशकापासून परदेशात उंदीर मारायच्या औषधात हेच ड जीवनसत्त्व (डी३ या रूपात) वापरतात, तेही याच गुणावर.

झोपेचा धागा इथे लागतो. रात्री शरीरातलं एक संप्रेरक मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवायला सांगतं, म्हणून आपण सहा-सात तास न उठता झोपतो. रक्तात कॅल्शियम वाढलं की मूत्रपिंड तो निरोप ऐकेनासं होतं. पातळ लघवी होत राहते, पाणी गेलं म्हणून तहान लागते, पाणी प्यायलं की पुन्हा लघवी. मामांचा तांब्या आणि बाथरूम यांच्यातला फेरा हाच होता. शिवाय चढलेलं कॅल्शियम नसा आणि स्नायू मंद करतं. त्यातून बद्धकोष्ठ, दिवसाची गुंगी, वयस्कर माणसात तर चक्क भ्रमिष्टपणा. घरचे म्हणतात वय झालं.

कॅल्शियम न चढता, नुसत्या जास्त डोसने झोप बिघडते का? मेंदूत, झोप-जाग सांभाळणाऱ्या हायपोथॅलॅमससकट, ड जीवनसत्त्वाला प्रतिसाद देणारे ग्राहक (रिसेप्टर) आहेत. ज्यांचं ड कमी त्यांची झोप कमी किंवा तुटक, असं बऱ्याच पाहण्यांत दिसतं. उलट बाजूने, २०१३ मध्ये इस्रायलच्या संशोधकांनी मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या रुग्णांना रोज चार हजारांहून जास्त युनिट दिली तेव्हा झोपेला मदत करणारं रात्रीचं मेलाटोनिन हे संप्रेरक घटलेलं आढळलं. पण तो छोटा गट आणि विशिष्ट आजार, त्यावरून ‘संध्याकाळी पुडी घेतली की झोप उडते’ असा नियम करणं बरोबर नाही. पुडी स्निग्ध जेवणाबरोबर घ्यावी, एवढंच पक्कं.

आपल्याकडे ही पुडी इतकी घरोघरी कशी गेली? उन्हाच्या देशात ड कमी असूच शकत नाही अशी समजूत होती. ती २००० साली दिल्लीच्या एम्समधल्या गोस्वामी आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाने मोडली, वरकरणी धडधाकट माणसांतही पातळी फार खाली निघाली. मग प्रत्येक ‘फुल बॉडी’ पॅकेजात ही तपासणी शिरली, आणि लाल अक्षरातला आकडा हातात आला की साठ हजारांची पुडी. कमतरता खरी आहे आणि आठ आठवड्यांचा तो उपचार योग्यच आहे, हे मला ठासून सांगायचंय. घोळ होतो तो पुढे. आठ आठवडे संपले तरी पुडी चालूच राहते, शेजारीण सांगते म्हणून सुरू होते, मध्येच कोणी सहा लाखांचं इंजेक्शन देतं, आणि जिमवाल्याच्या मल्टिव्हिटॅमिनमधलं ड कोणी मोजत नाही.

मोठ्या डोसांचं काय होतं ते पाहिलं गेलं आहे. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट दिली, तर २०१० मध्ये निष्कर्ष आला की औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपेक्षा त्या १५ टक्के जास्त पडल्या आणि त्यांची हाडं २६ टक्के जास्त मोडली. झुरिचमध्ये २०१६ च्या अभ्यासात महिन्याला ६०,००० घेणाऱ्या वृद्धांपैकी ६७ टक्के वर्षभरात पडले, २४,००० घेणाऱ्यांपैकी ४८ टक्के. कॅनडातल्या कॅल्गरीत तीन वर्षं रोज १०,००० घेणाऱ्यांची हाडं रोज ४०० घेणाऱ्यांपेक्षा विरळ निघाली (२०१९). २०२४ मध्ये अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने निरोगी प्रौढांची सरसकट तपासणीच नको म्हटलं, आणि रक्तातल्या ड च्या पुरेशा पातळीसाठी ३० चा जो आकडा तिने २०११ मध्ये घालून दिला होता तोही सोडला.

ऐरोली-महापेला रात्रपाळी करणारी माझी मावसबहीण हे ऐकून गप्प झाली. ती सकाळी सातला कंपनीच्या गाडीने घरी येते, जाड पडदे ओढून झोपते, झोप धड लागत नाही. रिपोर्टमध्ये ड १२. तिने दोन्हीची सांगड घातली आणि झोप यावी म्हणून पुड्या वाढवल्या. पण तिची झोप रात्रपाळीने मोडली आहे, आणि ऊनही त्याच रात्रपाळीने हिरावलं आहे. दोन्ही एकाच कारणाची फळं. ड भरून निघेल, पाळी तीच राहिली तर झोप कुठून येणार? ड कमी असलेल्यांची झोप वाईट असते या पाहण्या वाचताना हे सतत ध्यानात ठेवावं लागतं.

आपलं ठाणं १९ अंश उत्तरेवर आहे, पावसाळ्याचे ढग सोडले तर ऊन बारा महिने पुरेसं. आजी बाळाला तेल लावून ज्या कोवळ्या उन्हात धरते त्यात मात्र लागणारे किरण थोडे असतात. तिरुपतीत केलेल्या मोजणीत ड सर्वांत जास्त तयार झालं ते ११ ते २ या वेळात. नेमके तेव्हा आपण काचेच्या आत असतो, आणि काचेतून ते किरण येत नाहीत.

ज्यांना मुतखडा, मूत्रपिंडाचा विकार किंवा क्षय आहे त्यांनी ही पुडी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातातही धरू नये. क्षयाच्या गाठींत शरीराच्या ताब्याबाहेर ड क्रियाशील होऊ शकतं. रक्तदाबाच्या थायझाइड जातीच्या गोळ्या कॅल्शियम लघवीवाटे जाऊ देत नाहीत. मामांची गोळी त्याच जातीची होती, आणि जोडीला कॅल्शियमही चालू होतं.

त्यांना चार दिवस ठेवून सलाइन दिलं, काही दिवस स्टेरॉइड, आणि पुडी, कॅल्शियम, ती रक्तदाबाची गोळी असं तिन्ही बंद केलं. कॅल्शियम दोन-तीन आठवड्यांत खाली आलं. चरबीत मुरलेलं ड सावकाश उतरतं, दिवाळीतही आकडा शंभराच्या वरच होता. फराळाला गेले तेव्हा मामींना विचारलं, रात्री उठतात का अजून? म्हणाल्या, "एकदाच. पहाटे, दूध घ्यायला."