गुरुत्वाचा नकाशा आणि चुंबकत्वाचा नकाशा

उपग्रहांच्या मोजणीतून तयार झालेले हे दोन नकाशे शेजारी ठेवले, तर दोन्हींवरचे लाल-निळे पट्टे सारखेच वाटतात आणि दोन्ही पृथ्वीच्या पोटातले तेच सांगत असावेत, असा समज होतो. बेळगाव सीमाभागातले दोन खडक घेतले तरी हा समज टिकत नाही. निपाणी-चिकोडीकडचा काळा बेसॉल्ट आणि गोकाकच्या धबधब्यापाशी घटप्रभा ज्यावरून कोसळते तो वालुकाश्म यांच्या घनतेत फरक आहे, पण तो बेताचा. चुंबकत्वातली तफावत मात्र कितीतरी पट मोठी असते, कारण बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे कण असतात. शिवाय लाव्हा थंड होताना पृथ्वीच्या त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा त्यात गोठते, आणि दख्खनच्या पठारावरच्या अनेक थरांत ती उत्तर-दक्षिणेच्या दृष्टीने आजच्या उलट आहे. वस्तुमानाला अशी दिशा नसतेच.

गुरुत्वात भूकवच, प्रावरण आणि गाभा या सर्वांची ओढ मिसळलेली असते, आणि कोणता वाटा किती खोलीवरून आला हे मोजलेला आकडा सांगत नाही. गुरुत्व मोजण्यासाठी २००२ साली सोडलेले ग्रेस मोहिमेचे दोन उपग्रह एकमेकांपासून सुमारे २२० किलोमीटरवर फिरत आणि गुरुत्वाच्या चढउतारांमुळे त्या अंतरात होणारे मायक्रोमीटरच्या पातळीवरचे बदल टिपत. त्यात पावसाळ्यात घटप्रभा-मलप्रभेच्या खोऱ्यांत साठणाऱ्या पाण्याचे वजनही येते (घटप्रभेवरचे एकटे हिडकल धरण मात्र त्यातून वेगळे काढता येत नाही, कारण सुमारे तीनशे किलोमीटरहून लहान तपशील त्या नजरेला पुसट होतो), म्हणून खोलवरचा शोध घेणाऱ्याला आधी हे पाणी वजा करावे लागते. श्रीलंकेच्या दक्षिणेस समुद्राची सरासरी पातळी पृथ्वीचा आकार म्हणून मानलेल्या आदर्श लंबगोलापेक्षा शंभराहून अधिक मीटर खाली आहे, त्याचे कारण प्रावरणातल्या वस्तुमानात शोधले जाते.

चुंबकीय नकाशात प्रावरण जवळजवळ मुके असते. मॅग्नेटाइट सुमारे ५८० अंश सेल्सिअसला आपले कायम चुंबकत्व गमावते, त्यामुळे काही दशक किलोमीटरांखालचा खडक ते धरू शकत नाही. पुढचा आवाज थेट सुमारे २,९०० किलोमीटर खोलीखालच्या वितळलेल्या लोखंडाचा. सौर वादळांमुळे प्रावरणात निर्माण होणाऱ्या विद्युतप्रवाहांवरून तिथल्या वाहकतेचा अंदाज घेता येतो, पण तो वेगळा आणि आडवळणाचा मार्ग आहे.

चुंबकीय क्षेत्र मोजत २०१३ पासून फिरणाऱ्या स्वॉर्म उपग्रहांना गाभ्याचे क्षेत्र सुमारे वीस ते पन्नास हजार नॅनोटेस्लांत (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) भेटते, तर कवचाचे त्या उंचीवर बहुधा मोजक्याच नॅनोटेस्लांचे असते. नकाशावरच्या पट्ट्यांच्या विस्तारावरून दोन्ही निराळी केली जातात. मात्र कवचाच्या चुंबकत्वाचा सुमारे तीन हजार किलोमीटरहून अधिक विस्ताराचा भाग गाभ्याच्या क्षेत्राखाली झाकलेलाच राहतो.