परतीची वेळ आम्ही का ठरवतो?
(बोट भाड्याने घेणाऱ्यांसाठी, चावी हातात घेण्यापूर्वी वाचावे)

बोट चालवता येणाऱ्यांसाठी हे पत्रक आहे, त्यामुळे गिअर कसा टाकायचा, लाइफ जॅकेट कसं बांधायचं ते इथे सांगत बसत नाही. ते धक्क्यावर दाखवतोच. इथे लिहायचं कारण एकच. दुपारी फोन येतो, "बोट हलत नाहीये." आणि पाठोपाठ, "जाताना तर इथे भरपूर पाणी होतं!"

होतंच. पण ते जातानाचं पाणी होतं.

तुमच्या पावतीवर आम्ही लाल शाईने परतीची वेळ लिहितो. पुष्कळांना वाटतं, पुढचं गिऱ्हाईक खोळंबलेलं असतं म्हणून ही घाई. खरं तर ती वेळ खाडीच्या मुखाशी असलेल्या वाळूच्या दांड्यावरून काढलेली असते. हिशोब उघड करून सांगतो, म्हणजे वाद राहणार नाही.

समजा भरती सकाळी 10 वाजता आहे आणि ओहोटीपर्यंत पाणी 3 मीटर उतरणार आहे. पाणी दर तासाला सारखं उतरत नाही. उतरणाऱ्या एकूण पाण्याचे 12 भाग धरले, तर पहिल्या तासात 1 भाग उतरतो, दुसऱ्यात 2, तिसऱ्यात आणि चौथ्यात 3-3, पाचव्यात 2, सहाव्यात 1. म्हणजे 10 ते 11 या वेळात पाणी जेमतेम 25 सेंटिमीटर घटतं आणि माणूस निर्धास्त होतो. पण 12 ते 2 या दोन तासांत तेच पाणी दीड मीटर खाली जातं. भरतीला दांड्यावर 2.4 मीटर पाणी असेल, तर 12 वाजता तिथे 1.65 मीटर असतं, 1 वाजता 90 सेंटिमीटर आणि 2 वाजता फक्त 15. मोटर खाली सोडलेली असताना आमच्या बोटीला 60 सेंटिमीटर पाणी लागतं. लाटेत बोट वरखाली होते, म्हणून आम्ही आणखी अर्धा मीटर हाताशी ठेवतो. या हिशोबाने पावतीवर 12:30 येतात. "जरा जेवून निघू" म्हणून तासभर उशीर केलात, की बोट दांड्यावर बसते.

आणि बसली की लगेच सुटत नाही. साधारण दीडला अडकलेली बोट पुढच्या भरतीचं पाणी तेवढं चढेपर्यंत, म्हणजे संध्याकाळी सातपर्यंत तिथेच. पुढची भरती थोडी कमी उंचीची असली तर आणखी उशीर. आमची दुसरी बोट तुम्हाला ओढायला आली तरी तिलाही पाणी लागतंच ना! उधाणाच्या, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या मोठ्या भरतीच्या अगदी माथ्यावर बोट वाळूत बसवली, तर प्रकरण वाईट. त्यानंतरच्या भरत्या दिवसेंदिवस कमी होत भांगाकडे, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीकडे जातात. मग पुढच्या उधाणाची वाट बघावी लागते.

नेहमीच्या ग्राहकांसाठी मुद्दाम एक गोष्ट. "मागच्या रविवारी याच वेळी आलो होतो, काही झालं नाही," हे वाक्य आमच्या ओळखीचं आहे. भरती दररोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. सात दिवसांत ती जवळजवळ सहा तास सरकते. म्हणजे मागच्या रविवारी ज्या घटकेला भरती होती, त्या घटकेला या रविवारी ओहोटी असते! अनुभवी माणसं याच हिशोबात फसतात, नवखी बिचारी विचारून जातात.

हवामानाबद्दल आमच्यावर रुसणारेही आहेत. ऊन पडलंय, आभाळ निळं आहे, तरी आम्ही मुखाबाहेर सोडत नाही, तेव्हा बहुधा वारा समुद्राकडून येत असतो आणि ओहोटीचं पाणी त्याच्या समोर धावत असतं. वारा आणि प्रवाह समोरासमोर आले की लाटा आखूड, उंच आणि उभ्या होतात. तोच वारा भरतीच्या पाण्यासोबत असताना मुख बरंच शांत असतं. म्हणून "दोन तास थांबा" म्हटलं तर थांबा, त्यात टाळाटाळ नसते. वरच्या भागात जोराचा पाऊस झाला असेल तर खाडीची ओढ वाढते आणि लाकडं, ओंडके वाहत येतात. त्या दिवशी आम्ही बोट देत नाही, आगाऊ रक्कम परत करतो.

इंधनाचंही तसंच. 6 नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, साधारण 1.85 किलोमीटर) चालणारी बोट 3 नॉटच्या प्रवाहाबरोबर 9 नॉटने जाते, उलट येताना 3 नॉटने. जायला एक तास लागला तर त्याच प्रवाहातून यायला तीन. टाकीचे तीन भाग करा: एक जायला, एक यायला, एक न वापरायचा. टाकी आम्ही भरूनच देतो.

तरीही बोट वाळूला लागलीच, तर पाणी चढतं असताना घाबरण्याचं कारण नाही, नांगर टाकून बसा. पाणी उतरत असेल तर हातात दोन-तीनच मिनिटं असतात. मोटर थोडी वर घ्या, पण तिचं पाणी ओढणारं तोंड बुडालेलं राहू द्या. माणसांना खोल पाण्याच्या बाजूला बसवा आणि आलात त्याच वाटेने हळू मागे या. जमलं नाही तर मोटर बंद करा. जोर देऊन रेस करू नका. थंड ठेवणाऱ्या पाण्याबरोबर ती वाळू आणि चिखल आत ओढते, पंपाचं रबरी चाक झिजतं आणि मोटर तापते. दुरुस्तीचा खर्च आम्ही अनामत रकमेतून कापतो तो याच एका कारणासाठी. बोट नुसती बसली म्हणून आजवर कुणाचा पैसा कापलेला नाही. ढकलायला चिखलात उतरूही नका, पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि निघत नाही.

हे सगळं डोक्यात ठेवून सहल करायची नसेल, तर आमचा तांडेल (बोट चालवणारा जाणकार) सोबत घ्या. दिवसभर बाहेर राहायचं असेल तर भांगाच्या आसपासची तारीख मागा. त्या दिवसांत पाण्याचा चढउतार कमी, ओढ कमी, आणि परतीची वेळ सैल मिळते. अमावस्या-पौर्णिमेच्या एक-दोन दिवसांनंतर उधाण जोरात असतं, तेव्हा वेळ कडक असेल हे धरूनच या. तारीख पक्की करण्याआधी फोन केलात तर त्या दिवशीचं पाणी बघून किती तास मिळतील ते सांगतो. निघताना फोन पूर्ण चार्ज असू द्या आणि लाल शाईतल्या वेळेच्या अर्धा तास आधीचा गजर लावून ठेवा.