पिकअप वेगळा, वळण वेगळं

मुंबईत कुणी दोन दारांची, जमिनीला टेकलेली गाडी घेतली की सोसायटीच्या पार्किंगमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो: "शून्य ते शंभर किती सेकंदांत?" दुसरा प्रश्न ॲव्हरेजचा. वळणावर गाडी कशी बसते, हे विचारणारा विरळाच. म्हणूनच रात्री दोन वाजता मरीन ड्राइव्हच्या सिग्नलला रेस देत उभा असलेला पोरगा आणि रविवारी अंधारात निघून, माळशेजला गाडी फिरवून दुपारच्या वरणभाताला घरी येणारे काका, दोघांवर शेजारीपाजारी एकच शिक्का मारतात: रेसिंगवाले. काकांना तो फार लागतो, आणि त्यांचं चुकत नाही. त्या पोराची आणि त्यांची हौस गाडीचे वेगवेगळे भाग, टायरचं वेगवेगळं काम आणि माणसाचे वेगवेगळे गुण मागते.

आधी त्या पोराच्या हौशीचं, म्हणजे ड्रॅग रेसचं बघू. सरळ पट्टा, शेजारी शेजारी दोन गाड्या, अंतर पाव मैल म्हणजे ४०२ मीटर. काही ठिकाणी त्याच्या निम्मं, २०१. समोरच्या खांबावर पिवळे दिवे आणि मग हिरवा. पाहुण्याला इथे एक गोष्ट हटकून चकवते. घड्याळ हिरव्या दिव्यावर सुरू होत नाही, गाडीचं चाक रेषेवरून हललं की सुरू होतं. समजा, एका गाडीने पट्टा १२.३ सेकंदांत पार केला आणि चालकाने हलायला ०.२ सेकंद घेतले, दुसरीने १२.२ घेतले, पण चालक ०.४ सेकंद गोठला. कागदावर दुसरी गाडी वेगवान, पण रेषा आधी ओलांडली पहिलीने. म्हणजे 'नुसतं ॲक्सिलरेटर दाबायचं काम' हा ड्रॅगवरचा आरोप खरा नाही. टायर तापवणं, क्लच किंवा लाँच कंट्रोल (सुटताना ताकद आवरून धरणारी यंत्रणा) नेमका सोडणं, चाक फिरू न देता ताकद जमिनीत उतरवणं, ही तालीमच आहे. फक्त तिचा सगळा जीव पहिल्या दोन-तीन सेकंदांत असतो.

जोरात सुटताना गाडीचं वजन मागे सरकतं. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीचं त्यात फावतं, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची पकड मात्र नेमकी हवी तेव्हाच उडते. अमेरिकेतल्या डॉज कंपनीने २०१७ साली चॅलेंजर डीमन नावाची गाडी याच एका कामासाठी काढली. रेसचं इंधन घातलं की ८४० अश्वशक्ती, पाव मैल ९.६५ सेकंदांत आणि सुटताना पुढची चाकं हवेत. पुढे लावायला अरुंद चाकं कंपनी वेगळी द्यायची. चालकाशेजारची सीट मुळात नव्हतीच, हवी असेल तर एक डॉलर मोजून घ्यायची. पुढची चाकं हवेत असताना स्टिअरिंगला काय अर्थ उरतो, याचा विचार करा, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

घाटात हिशोब उलटा होतो. तिथे इंजिनाआधी टायर संपतो. टायरकडे पकड एका खात्यातल्या पैशासारखी असते: ब्रेक, वळण, ॲक्सिलरेटर, तिघांनी त्यातूनच काढायचं. अर्धी पकड ब्रेकने खाल्ली असताना तुम्ही स्टिअरिंग जोरात फिरवलं, तर खातं आटतं आणि गाडी सरळ दरीच्या कठड्याकडे निघते. शिवाय वळणाला लागणारं बाजूचं बळ वेगाच्या वर्गाने वाढतं. ३० चा वेग ४० केला तर टायरवरचा ताण साधारण पावणेदोन पट होतो. पंधरा मीटर त्रिज्येचं नागमोडी वळण धरा. कोरड्या रस्त्यावर बऱ्या टायरची हद्द ताशी ३९ किलोमीटरच्या आसपास येते. पावसात पकड घटली की तीच ३१ च्या घरात. गाडीत शंभर अश्वशक्ती असो वा पाचशे, हा आकडा हलत नाही. पार्किंगमधल्या पहिल्या प्रश्नाचा घाटाशी संबंध किती, ते इथे दिसतं.

मग मजा कशात आहे? वळणाच्या आधी, स्टिअरिंग सरळ असतानाच ब्रेक लावायचा. नाक खाली बसतं, पुढच्या टायरवर भार येतो. ब्रेक हळूहळू सोडत गाडी आत घ्यायची. मग सगळ्यात अवघड भाग, थांबणं: वळणाचा शेवट दिसेपर्यंत उजवा पाय आवरून धरायचा. शेवट दिसला की स्टिअरिंग जितकं सरळ होईल तितकाच ॲक्सिलरेटर द्यायचा. हे नीट जमतं तेव्हा शेजारी बसलेल्याच्या हातातला चहाही हिंदकळत नाही. हातांना स्टिअरिंग जड-हलकं होताना कळतं, पाठीला सीटमधून मागची चाकं कळतात, नाक बाहेर जायला लागलंय की शेपूट सुटायला, हे डोळ्यांच्या आधी शरीराला समजतं. चांगली स्पोर्ट्स कार म्हणजे हा निरोप उशीर न करता पोचवणारी गाडी. निरोप कुजबुजत आला तरी चालेल, पण खोटा नको.

यासाठी ताकदीपेक्षा हलकेपणा लागतो. १९८९ ची माझदा एमएक्स-५ बघा: १.६ लिटरचं इंजिन, ११५ च्या आसपास अश्वशक्ती, वजन साडेनऊशे किलोच्या आगेमागे. १९९६ ची लोटस एलिस तर सव्वासातशे किलोची. पहिल्या एमएक्स-५ ला शंभर गाठायला साधारण नऊ सेकंद लागत. आज चार सेकंदांच्या आत तिथे पोचणाऱ्या इलेक्ट्रिक सेदान आपल्याकडे शोरूममध्ये मिळतात, सिग्नलवर माझदाची काय कथा! पण त्यातली एखादी सेदान दोन टनांच्या वर जाते. बॅटरी तळाशी असल्याने ती वळणात झुकत कमी असेल, पण एवढं वजन प्रत्येक वळणाआधी थांबवायचं आणि आत वळवायचं काम शेवटी टायर-ब्रेकनाच करावं लागतं. आपल्याकडेही सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची गाडी होती, रेनॉचं १.२ लिटर इंजिन आणि ६० अश्वशक्ती. 'ही कसली स्पोर्ट्स कार' म्हणून लोक हसले. ताकदीपुरतं हसणं ठीक, पण मोजपट्टी चुकीची होती. आणि खरं सांगू का, या हौसेला स्पोर्ट्स कारच लागते असंही नाही. टायर चांगले असतील तर स्विफ्टसुद्धा घाटात पुष्कळ काही शिकवते.

एकच गाडी दोन्हींसाठी तयार करता येईल का, असं विचारतात. थोडीफार येते, फार नाही. ड्रॅगवाला पुढची चाकं अरुंद करतो, मागचे टायर मऊ घेऊन त्यांतली हवा उतरवतो आणि मागचं सस्पेन्शन बसू देतो. त्याचे ब्रेक एका फेरीत एकदाच लागतात. तीच गाडी आंबेनळी घाटात उतरवली तर पुढून पकड नाही, मागून डुलतेय आणि पाचव्या-सहाव्या वळणाला ब्रेक तापून पाय खाली जातोय. घाटवाला पैसे टायर, ब्रेक पॅड, ब्रेक फ्लुइड आणि शॉक ॲब्सॉर्बरवर घालवतो. 'स्टेज वन' रीमॅप, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलणं, त्याच्या यादीत शेवटी. मुंबईत क्रम बहुधा उलटा दिसतो. आधी रीमॅप, मग एक्झॉस्ट, आणि टायर मात्र कंपनीने दिलेलेच, गुळगुळीत होईपर्यंत.

कायद्याच्या बाजूने फरक आणखी ठळक होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली रस्त्यावर शर्यत लावली तर २०१९ च्या दुरुस्तीपासून पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, पुन्हा सापडलात तर एक वर्षापर्यंत किंवा दहा हजार, किंवा दोन्ही वेळा दोन्ही शिक्षा. बीकेसी असो की मरीन ड्राइव्ह, रात्र असो की पहाट, सरकारच्या लेखी परवानगीशिवाय रस्त्यावरच्या ड्रॅगला कायदेशीर रूपच नाही. कोस्टल रोडच्या सरळ पट्ट्यात मर्यादा ८० ची. ताकदवान गाडी तिथे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच पोचते आणि खेळ संपतो. हौस भागवायची तर बंद धावपट्टी लागते. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत, आणि ती मुंबईकराला त्यातल्या त्यात जवळची.

वळणाची हौस मर्यादेच्या आतही भागते, तिची सुरुवातच तीस-चाळीसला होते. याचा अर्थ घाट म्हणजे सर्किट, असा कुणी घेऊ नये. समोरून एसटी अख्खं वळण व्यापून येते, कठड्यावर माकडं असतात, जुलैत ताम्हिणीत दहा फुटांवरचं दिसत नाही, आणि चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची रीत आहे ती कारणाशिवाय नाही. टायरची खरी हद्द शोधायची तर चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टईचं सर्किट गाठावं किंवा कोइम्बतूरचं करी. घाटात हद्दीच्या बऱ्याच अलीकडे राहूनही निरोप ऐकू येतो.

आपल्याला यातलं नेमकं काय आवडतं, हे टेस्ट ड्राइव्हमध्ये कळू शकतं. सेल्समन तुम्हाला हमखास मोकळ्या सरळ रस्त्यावर नेईल आणि म्हणेल, "दाबा सर, पिकअप बघा." एकदा दाबा, हसू येतंच. मग सकाळची वेळ बघून त्याला आरे कॉलनीच्या वळणांवर न्या, नाहीतर जे. जे. उड्डाणपुलावरून. चाळीसच्या आत, रेडिओ बंद, खिडकी थोडी उघडी. स्टिअरिंग वळणात भरत जातं की तसंच पोकळ राहतं, ते बघा. परतताना पुन्हा त्या सरळ रस्त्यावर जायची घाई झाली, तर हँडलिंगच्या, म्हणजे वळणातल्या वागण्याच्या, नावाखाली जास्तीचे पैसे मोजू नका.