जत्रेतली बंदूक वाकडी का मारते

जत्रेत फुगे फोडायच्या स्टॉलवर नेम चुकला की आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं, "नळी वाकडी करून ठेवलीय राव यानं". मीही लहानपणी हेच म्हणायचो आणि पैसे संपले की तर जास्तच ठासून म्हणायचो. पुढे स्वतःची स्प्रिंगवाली एअरगन घेतली, तिच्यावर दुर्बीण बसवली आणि तीसुद्धा खाली मारायला लागली. आता शिव्या घालायला स्टॉलवाला नव्हता, मग खोलून बघावं लागलं. खोलल्यावर कळलं की बिचारी नळी बहुतेक वेळा सरळच असते, लोचा तिच्या आजूबाजूला असतो, आणि तो लोचा दीडशे वर्षं जुना आहे.

या बंदुकीत नळीकडून दोन कामं करून घेतली जातात. एक तर छर्रा सोडायचा, आणि दुसरं म्हणजे तिलाच धरून खाली मोडायचं, म्हणजे आतली स्प्रिंग दाबली जाऊन पिस्टन मागे अडकतो. चाप ओढला की पिस्टन सुटतो, पुढची हवा दाबली जाते आणि ती एका बारीक भोकातून छर्ऱ्याच्या मागे येते. थोडक्यात नळी हीच पहारीसारखी वापरायची, आणि मग त्याच पहारीनं दरवेळी केसभरही न हलता जागेवर येऊन बसावं अशी अपेक्षा करायची. शॉटगनपण मोडतेच की, पण तिच्या नळीवर एवढा जोर लावून कोणी लटकत नाही.

ही मोडायची कल्पना १८७० च्या दशकातली, अमेरिकेत हॅविलँड आणि गन या जोडीनं तसे पेटंट घेतले (हो, त्यातल्या एकाचं आडनाव खरंच गन होतं). तिथून ती युरोपात गेली. जर्मनीतल्या राश्टाट गावात मायर आणि ग्रामेल्सपाखर यांची कंपनी १८९० पासून होती, तिचाच पुढे डायना हा ब्रँड झाला, त्यांनी आणि इतरांनी अशा स्वस्त एअरगन ढिगानं बनवल्या. परसात डबे फोडायला त्या ठीक होत्या, बिजागरी थोडी डुगडुगली तरी कोणाला फरक पडत नव्हता.

फरक पडला इंग्लंडमध्ये. बोअर युद्धानंतर तिथे नेमबाजीचं वेडच लागलं, आणि बर्मिंगहॅमच्या बाजूला पबमध्ये, क्लबमध्ये एक खेळ रुजला ज्यात ६ यार्डांवर लोखंडी पत्रा, त्यात ३/८ इंचाचं म्हणजे साधारण साडेनऊ मिलिमीटरचं भोक आणि भोकामागे घंटा. घंटा वाजली तर खरं. आता एवढ्याशा भोकात छर्रा घालायचा म्हणजे डुगडुगती बिजागरी चालणारच नाही. बर्मिंगहॅमच्याच लिंकन जेफ्रीजनं १९०४ मध्ये यावर सरळ उत्तर काढलं, नळी मोडायचीच नाही! नळी कायमची बसवलेली, स्प्रिंग दाबायला खाली वेगळा दांडा, आणि छर्रा भरायला वर फिरवायचा नळाच्या तोटीसारखा खटका. १९०५ पासून बर्मिंगहॅमच्याच बीएसए या बंदुकांच्या कंपनीनं ती रायफल बनवायला घेतली आणि ती तुफान चालली. म्हणजे नळीच्या अलाइनमेंटचा प्रॉब्लेम लोकांना तेव्हाच नीट समजला होता, आणि त्यावरचा उपायही. फक्त तो महाग होता, म्हणून मोडायची बंदूक काही मेली नाही.

जर्मनांनी मग मोडायच्या नळीलाच कुलूप घातलं. वायराउख या जर्मन कंपनीच्या एचडब्ल्यू ३५ रायफलीला, जी १९५० च्या दशकापासून बनतेय, नळी घट्ट धरायला वेगळी कडी आहे, अंगठ्यानं दाबल्याशिवाय ती उघडत नाही. पण १० मीटरच्या मॅचसाठी तेही पुरेना. १९६० च्या दशकात फाइनवेर्कबाऊ या दुसऱ्या जर्मन कंपनीनं स्थिर नळीची, बाजूला दांडा असलेली रायफल आणली, तिचा वरचा सगळा भाग झटका बसला की दस्त्यावर रुळांवर सरकल्यासारखा मागे जायचा. आता तर १० मीटरमध्ये स्प्रिंग राहिलीच नाही, आपला ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला वर्ल्ड चॅम्पियन झाला ती रायफल भरलेल्या हवेवर चालते, तिथे मोडायचा प्रश्नच येत नाही.

बरं, मग "खाली मारते" ही तक्रार कुठून आली? ती आली दुर्बिणीबरोबर, आणि मला विचाराल तर या सगळ्यात मजेशीर भाग हाच आहे. मोडायच्या बऱ्याच बंदुकांवर पुढची माशी नळीच्या टोकावर असते आणि मागची साईटपण नळीच्याच मागच्या ठोकळ्यावर. दोन्ही एकाच तुकड्यावर! त्यामुळे नळी जरा खाली झुकून बसली तरी साईट तिच्याबरोबरच झुकतात आणि नेम बरोबर लागतो, झुकाव कधी दिसतच नाही. कारखान्यालाही त्याची फिकीर करायचं कारण नव्हतं. १९७० च्या दशकात अमेरिकेत भारी जर्मन रायफली जायला लागल्या, १९८० पासून इंग्लंडमध्ये फील्ड टार्गेट सुरू झालं, ५५ यार्डांपर्यंत लोखंडी पाखरं पाडायची, त्याला दुर्बीण हवीच. आणि दुर्बीण बसते कुठे, तर मागच्या सिलिंडरवर. पहिल्यांदाच नेम धरायचं साधन एका तुकड्यावर आणि नळी दुसऱ्यावर अशी वेळ आली. जो झुकाव इतकी वर्षं लपून होता तो एकदम उघडा पडला आणि लोक म्हणायला लागले नळी वाकली. अरे ती होती तिथेच होती, तुम्ही खिडकी बदललीत! मग झुकाव भरून काढणारे खास माउंट, म्हणजे दुर्बीण बंदुकीवर धरून ठेवणारे तुकडे, बाजारात आले, आणि फील्ड टार्गेटवाले एचडब्ल्यू ७७ सारख्या स्थिर नळीच्या रायफलींकडे वळले, म्हणजे फिरून जेफ्रीजकडेच.

आपल्याकडे जुन्या लोकांना आयएचपीच्या एअरगन आठवतील, इंडियन ह्यूम पाइपच्या, सिमेंटचे पाइप बनवणारी तीच कंपनी. आणि इतर गल्लीबोळातल्या डायनाच्या नकला होत्याच. आता ठाणे जिल्ह्यातल्या प्रीसीहोलसारखी कंपनी, जिचा मूळ धंदाच लोखंडात लांब सरळ भोक पाडायच्या मशीनचा, रायफली बनवते, त्यामुळे नळीच्या भोकाची चिंता कमी झाली. बिजागरी मात्र बिजागरीच राहते.

म्हणून तपासायचं तेही याच क्रमानं, बिजागरी आधी आणि नळी सगळ्यात शेवटी. बंदूक रिकामी आहे ना बघा, मग स्प्रिंग अडकल्यावर नळी तशीच मोडलेली ठेवून पकड सैल सोडा (चापापासून बोट लांब, आणि नळी हातातून पूर्ण सुटू देऊ नका). ती जिथे सोडली तिथेच थांबली तर बिजागरीचा बोल्ट बरोबर, धपकन खाली पडली तर ढिला आहे. बंद करून डावीउजवीकडे हलवा, कटकट जाणवली तरी तेच. पुढे नळीच्या तोंडाशी असलेला सील, जुन्यात चामड्याचा वॉशर. तो नवा आणि जाड घातला तर नळी पूर्ण मिटत नाही आणि टोक खाली राहतं, झिजलेला असला तर हवा गळते, तिथे टिश्यूचा तुकडा ठेवून फायर केलं की तो उडतो आणि कळतं. हे सगळं ठीक असून साध्या साईटनं बरोबर आणि दुर्बिणीनं खाली मारत असेल तर तो तोच जुना झुकाव. खरी वाकलेली नळी बहुतेकदा एकाच कारणानं होते, नळी मोडलेली असताना चाप ओढला गेला आणि ती फटकन वर आदळली. अशी नळी वरच्या बाजूला वाकते, म्हणजे बंदूक वर मारते, खाली नाही.

माझी २० मीटरवर १० सेंटीमीटर खाली मारत होती. दुर्बिणीच्या दोन रिंगांमध्ये १०० मिलिमीटर अंतर, म्हणजे मागची रिंग अर्धा मिलिमीटर उचलायची. नुसता दुर्बिणीचा स्क्रू फिरवून तेवढं आणता येतं, पण तो टोकाला गेला की आतली स्प्रिंग सैल पडते आणि नेम रोज वेगळा. काकांच्या लग्नाचे कॅमेऱ्याचे निगेटिव्ह घरात पडून होते, त्यातले चार तुकडे कापून मागच्या रिंगेत दुर्बिणीखाली सरकवले. काकू अजून विचारते की वरातीचे फोटो कुठे गेले.