ताप उतरला, पण रोहिणीचं काय?

"ताप उतरला ना? मग झालं तर!" लहान मूल आजारी पडलं की हे वाक्य घरोघरी ऐकू येतं, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण कावासाकी हा एक आजार असा आहे की त्यात ताप औषधाशिवायही उतरतो आणि हृदयाला होणारी इजा मात्र मागे राहते. ज्या डॉक्टरांच्या नावाने तो ओळखला जातो, त्यांनासुद्धा सुरुवातीला तो निरुपद्रवीच वाटला होता.

जानेवारी १९६१. टोकियोच्या रेड क्रॉस रुग्णालयात डॉ. तोमिसाकु कावासाकी यांच्यासमोर चार वर्षांचा एक मुलगा आला. ताप हटत नव्हता. डोळे लालभडक, पण चिपडं नाहीत. ओठ फुटलेले, जीभ लाल आणि दाणेदार, अंगावर पुरळ, तळहात-तळपाय सुजलेले, मानेत गाठ. कुठल्याच माहितीच्या आजारात हे सगळं एकत्र बसेना. मुलगा बरा झाला, बोटांच्या टोकांना नखांपासून कातडीचे पापुद्रे सुटले, आणि तो घरी गेला. वर्षभराने तसंच दुसरं मूल आलं. कावासाकी नोंदी ठेवत राहिले. १९६७ साली त्यांनी ५० मुलांचं बारकाईने वर्णन छापलं आणि त्यात आजार आपोआप बरा होतो असंच म्हटलं. पण बरं झाल्यासारखी वाटणारी काही मुलं अचानक दगावत होती. शवविच्छेदनात हृदयाच्या रोहिण्यांमध्ये, म्हणजे त्याला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांमध्ये, रक्ताच्या गुठळ्या सापडल्या. १९७० च्या देशव्यापी पाहणीत असे १० मृत्यू पुढे आले, आणि 'निरुपद्रवी' हा शब्द मागे घ्यावा लागला. आपलंच मत पुराव्यापुढे बदलणाऱ्या या डॉक्टरांबद्दल मला फार आदर वाटतो.

आता त्या रोहिणीत नेमकं होतं काय? हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी करोनरी रोहिणी लहान मुलात जेमतेम दोन मिलिमीटर रुंद असते. तिच्या भिंतीत आतून पातळ अस्तर, मध्ये स्नायूंचा थर, आणि त्या स्नायूंच्या दोन्ही बाजूंना इलॅस्टिन नावाच्या प्रथिनाचे लवचीक पडदे. हृदयाचा प्रत्येक ठोका ही भिंत ताणतो आणि इलॅस्टिन तिला परत जागेवर आणतं. छोट्या मुलात हे दिवसाला लाखाहून जास्त वेळा घडतं.

कावासाकी आजारात रोगप्रतिकारक यंत्रणा खवळते. (प्रतिकारशक्ती 'वाढवणाऱ्या' काढ्यांच्या जाहिराती इथे पार निरुपयोगी आहेत, कारण इथे शक्ती कमी पडत नाही, ती आवरत नाही.) न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी रोहिणीच्या भिंतीत घुसतात. जंतू मारण्यासाठी त्यांच्याजवळ इलॅस्टेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते इलॅस्टिनचे पडदे कापत जातं. पाठोपाठ येणाऱ्या इतर पेशी मधला स्नायूही झिजवतात. यातली वाईट गोष्ट अशी की शरीर इलॅस्टिन मुख्यतः जन्माआधी आणि बालपणाच्या सुरुवातीला विणतं. त्यानंतर तुटलेला पडदा पहिल्यासारखा होत नाही. तिथे चिवट, न ताणणारी वणाची ऊती भरते.

सायकलचा झिजलेला टायर आठवा. जिथे आतले धागे तुटतात तिथेच ट्यूब फुगा काढते. रोहिणीचंही तसंच. आणि फुगा एकदा आला की गणित त्याच्याच बाजूने झुकतं. भिंतीवरचा ताण हा आतला दाब गुणिले त्रिज्या भागिले भिंतीची जाडी, असा असतो. फुगवट्यात त्रिज्या वाढते आणि जाडी घटते, म्हणजे रक्तदाब तोच राहूनही ताण वाढतो, भिंत आणखी ताणली जाते. रबरी फुगा फुगवताना पहिली फुंकर जड जाते आणि पुढे तो सहज फुगतो, त्याचंही मूळ याच सूत्रात. आठ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा फुगवटा सगळ्यात धोक्याचा. त्यात रक्त संथ होऊन घुटमळतं. नेमक्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, ताप गेल्यावर, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट भरमसाट वाढलेल्या असतात. गुठळी व्हायला आणखी काय हवं? काहींच्या बाबतीत फुगवट्याच्या दोन्ही टोकांना रोहिणी हळूहळू अरुंद होत जाते आणि हृदयविकाराचा झटका विशी-तिशीत येतो.

यावर उपाय आहे. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून (रक्ताच्या द्रव भागातून) काढलेलं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडं, सलाइनमधून देतात, किलोमागे २ ग्रॅम, सोबत अ‍ॅस्पिरिन. जपानच्या डॉक्टरांनी १९८४ मध्ये त्याचा गुण दाखवला. उपचाराविना साधारण चारातल्या एका मुलाच्या रोहिणीला इजा होते. वेळेत उपचार मिळाले तर ते प्रमाण शंभरात चार-पाचांवर येतं. 'वेळेत' म्हणजे तापाच्या पहिल्या १० दिवसांत. म्हणून आपल्याकडची एक समजूत मला फार छळते: अंगावर आलंय, देवीचं आहे, औषध देऊ नका, कडुनिंबाचा पाला ठेवा. गोवराच्या धास्तीने असे चार-सहा दिवस गेले तर उरतात किती? ताप पाच दिवस टिकला आणि सोबत लाल डोळे, फुटलेले ओठ, पुरळ असं काही असेल तर बालरोगतज्ज्ञाला स्पष्ट विचारा, "कावासाकी असेल का?" तान्ह्या बाळाच्या डाव्या दंडावरची बीसीजीची, म्हणजे क्षयाच्या लशीची, जुनी खूणही पाहा. या आजारात ती अचानक लाल होऊन सुजू शकते. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक बाळाला बीसीजी टोचलेली असते, त्यामुळे ही खूण आपल्याला आयती मिळते.

आजाराचं मूळ कारण अजून सापडलेलं नाही. डॉ. कावासाकी ५ जून २०२० रोजी गेले. त्याच सुमारास कोविडनंतर मुलांमध्ये तशाच लक्षणांचा दाह युरोप-अमेरिकेत दिसत होता, पुढे मुंबईतही दिसला, आणि डॉक्टर कावासाकींच्याच लक्षणांची यादी हातात धरून मुलं तपासत होते.

इम्युनोग्लोब्युलिन घेतलेल्या मुलाच्या आईबाबांसाठी एक गोष्ट. त्या हजारो अनोळखी दात्यांची प्रतिपिंडं मुलाच्या रक्तात महिनोन्महिने फिरत असतात आणि गोवराच्या लशीतला दुबळा विषाणू ती लगेच संपवतात. म्हणून ती लस साधारण ११ महिने पुढे ढकलतात. लसीकरणाच्या कार्डावर ही नोंद पेनाने करून घ्या.