समवयस्कांचा प्रभाव आणि मुलांचा आहार

साधारणपणे ८ ते १२ वर्षे वयाच्या मुलांच्या खाण्याच्या सवयींवर वर्गमित्र, शेजारची मुले व खेळगडी यांच्या वागण्याबोलण्याचा जो परिणाम होतो, त्यास आहारावरील समवयस्कांचा प्रभाव असे म्हणतात. या वयात घरात काय शिजावे हे पालकच ठरवीत असले, तरी डब्यातले काय संपवायचे, काय परत न्यायचे आणि खाऊच्या पैशांतून काय घ्यायचे, हे निर्णय मुले मोठ्यांच्या नजरेआड, बहुधा मधल्या सुट्टीत घेतात.

मानसशास्त्रज्ञ कार्ल डंकर यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लहान मुले पदार्थ निवडताना आधी निवडणाऱ्या मुलाचे अनुकरण करतात, असे आढळले. मुलांच्या आहाराच्या अभ्यासक लिअॅन बर्च यांनी १९८० मध्ये, एखाद्या मुलास त्याची नावडती भाजी आवडीने खाणाऱ्या मुलांसोबत काही दिवस जेवायला बसविले. त्याची निवड त्या भाजीकडे झुकली आणि हा बदल काही आठवड्यांनंतरही टिकून होता. हे दोन्ही अभ्यास शाळापूर्व वयाच्या मुलांवरील असल्याने त्यांचे निष्कर्ष मोठ्या मुलांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. ९ ते १५ वर्षांच्या मुलांवरील २००९ मधील एका अभ्यासात मुले अनोळखी समवयस्कांपेक्षा मित्रांसोबत अधिक खातात असे दिसले; म्हणजे मैत्रीमुळे खाणे वाढते, पण ते खाणे पौष्टिक असेलच असे नाही.

उदाहरणार्थ, नाशिकमध्ये हा प्रभाव सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो अंगतपंगतीत. डबे एकत्र उघडले जातात, घास वाटले जातात आणि घरी जिला हात लावला नसता अशी मेथीची भाजी किंवा मोडाची उसळ मित्राच्या डब्यातून खाल्ली जाते. निफाड-दिंडोरीकडची द्राक्षे बाजारात येतात तेव्हा ती अनेक डब्यांत एकाच वेळी दिसू लागतात आणि फळ खा म्हणून कोणाला आग्रह करावा लागत नाही. याउलट शेपूच्या भाजीला कोणी एकदा नाक मुरडले, की ती भाजी आणणारे मूल दुसऱ्या दिवशी घरी हट्ट धरते. जिल्ह्यातील सुरगाणा-पेठ या आदिवासी भागात रोजची असलेली नागलीची (नाचणीची) भाकरी शहरातल्या वर्गात वेगळी दिसते, आणि वेगळे दिसणे हेच या वयात पुष्कळदा चिडवण्याचे पुरेसे कारण ठरते. नावडीचे हे पारडे आवडीपेक्षा जड असते. निळ्या रंगाच्या अनोळखी पदार्थांवरील २००९ मधील एका ब्रिटिश अभ्यासात, समवयस्कांनी दाखविलेल्या नापसंतीमुळे लहान मुलांचे खाणे कमी झाले आणि तो परिणाम नंतर उलटविणे विशेष कठीण गेले. डब्याविषयी पालकांना सूचना देणाऱ्या शाळा डब्यावरून होणाऱ्या चिडवाचिडवीकडे सहसा पाहत नाहीत, ही मोठीच उणीव म्हटली पाहिजे.

काही शाळा वारानुसार डब्याचे वेळापत्रक ठरवून देतात. सर्वांच्या डब्यात पोळीभाजी असली की तुलनेला जागा कमी उरते. शालेय पोषण आहारातही, ज्याला बोलण्यात नुसती खिचडी म्हणतात, सर्व मुले एका पंगतीत एकच अन्न खातात. या योजनेत पहिली ते पाचवीसाठी ४५० किलोकॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीसाठी ७०० किलोकॅलरी व २० ग्रॅम प्रथिने असे प्रमाण ठरलेले आहे. आदिवासी तालुक्यांतील निवासी आश्रमशाळांत तर सकाळ-संध्याकाळचे जेवणही समवयस्कांसोबतच होते, त्यामुळे तिथे वरच्या वर्गांतील मुलांचे अनुकरण अधिक महत्त्वाचे ठरते.

शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत मेद, साखर व मीठ जास्त असलेले पदार्थ विद्यार्थ्यांना विकण्यास २०२० च्या केंद्रीय नियमांनी मनाई आहे. दप्तरातून येणाऱ्या वेफर्सच्या पुडीला हा विक्रीचा नियम लागू होत नाही, आणि पुडी वाटणाऱ्याभोवती घोळका जमतोच. फाटकाबाहेरचे सगळेच मात्र त्याज्य नव्हे. बोरे, आवळे आणि पेरूही मुले एकमेकांचे पाहूनच घेतात, फक्त त्यांवरचे तिखटमीठ बेताचे हवे.

अभ्यासकांपुढे एक अडचण कायम राहते. मित्रांचे खाणे सारखे दिसले, तरी ते एकमेकांमुळे सारखे झाले की सारख्या आवडीची, शेजारच्या घरांतली आणि एकाच आर्थिक स्तरातली मुले आधीच एकत्र आली होती, हे एका वेळच्या पाहणीवरून सांगता येत नाही. त्यासाठी त्याच मुलांची वर्षानुवर्षे नोंद ठेवावी लागते.